बटणबाईंचा काळा खडा

बटणबाईंनी आपल्या दोन गुडघ्यांपायी अख्खी शाळा बुडवली, अशी कुजबुज त्या गल्लीत बरीच वर्षं चालू होती. तिचा उगम शाळेसमोरच्या वह्यापेन्सिलींच्या दुकानात. दुकानदार माणूस वाईट नव्हता. पण वही कागदात गुंडाळून देताना सोबत एखादी बातमी फुकट द्यायची त्याला सवय होती. "तुम्हाला म्हणून सांगतो, कुठे बोलू नका," असं त्याने निदान शंभर जणांना म्हणून सांगितलं. तिथून ती बातमी दातांच्या दवाखान्यात गेली. तिथे आ वासून बसलेल्या लोकांना ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पोचेपर्यंत नव्या जागेच्या बत्तीस पायऱ्यांच्या साठ झाल्या होत्या. "बाई दिसायच्या गरीब हो," शिंपी दातांत दोरा धरून म्हणायचा, "पण टाकला काळा खडा आणि बसल्या डोळे मिटून, जसं काही झालंच नाही!"

गंमत अशी, की ही कुजबुज खोटी आहे असं बटणबाईंनी कधीच कुणाला सांगितलं नाही. उलट ती खरी आहे असं त्यांनी एकदा स्वतःच्या तोंडाने, एक्कावन्न जणांच्या देखत सांगितलं होतं.

बाईंना खरं नाव होतं, पण ते आता टपालाच्या पाकिटांवरच उरलं होतं. सव्वीस वर्षं त्या शाळेतल्या सगळ्यांत लहान मुलांच्या वर्गावर होत्या. डाव्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली, आणि टेबलावर बिस्किटांच्या जुन्या डब्यात दुनियेतली बटणं. मूल रडवेलं दिसलं की बाई त्याला शेजारच्या स्टुलावर बसवत, "अगंबाई, हे बघ किती सैल झालंय," म्हणत आणि चांगलं घट्ट असलेलं बटण कापून पुन्हा शिवायला घेत. पाच मिनिटांचं काम वीस मिनिटं चाले. तेवढ्यात मूल आपण होऊनच बोलू लागे. ही लबाडी मुलांनी कधीच ओळखली होती. काही बेरकी तर घरून निघतानाच बटण तोडून खिशात घालून आणत. एकदा एका पठ्ठ्याने वर्गात शिरता शिरता जाहीर केलं होतं, "बाई, आज माझं दोन बटणांचं आहे." त्या दिवशी त्याचं कुत्रं मेलं होतं.

भाऊ गेल्यापासून बाई वहिनींबरोबर राहत. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि वहिनींची जीभ. "वन्सं," वहिनी सकाळच्या चहाबरोबर सुरू करत, "आपल्या उशीच्या अभ्र्याला दोन वर्षं बटण नाही. मीपण तुमच्या शाळेत नाव घालू का? म्हणजे माझ्याकडे लक्ष जाईल."

"तुम्हाला प्रवेश मिळायचा नाही वहिनी. आमच्याकडे ओरडायचं नसतं."

"मग तुमच्याकडे मुलं कशी वाढतात गं बाई? हवेवर?"

वहिनींचं एका परीने बरोबर होतं. ती शाळा तशी जगावेगळीच. कुठल्या संस्थेची नाही, सरकारची नाही, एका जुन्या दुमजली घरात भरणारी, एकेचाळीस मुलांची. न्हाणीघराची चित्रकला झालेली, स्वयंपाकघराचं विज्ञान, जिन्याखालच्या जागेत वाचनालय आणि तिथे एका वेळी दीडच मूल मावायचं. ही शाळा काढली मोठ्या बाईंनी. त्या उंचीनेही मोठ्या होत्या आणि रागावल्या की त्यांचा आवाज चढण्याऐवजी उतरायचा. तो कुजबुजीपर्यंत उतरला की पालकही खुर्चीत ताठ बसत. शाळेत घंटा नव्हती, परीक्षा नव्हती, शिक्षा नव्हती. होती ती दिवाणखान्याच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेली तीन वाक्यं: इथे कुणी ओरडत नाही. इथे कुणी खोटं बोलत नाही. इथे प्रत्येकाचा खडा सारखा.

खड्याचं प्रकरण असं. दर शुक्रवारी दुपारी अख्खी शाळा त्या दिवाणखान्यात जमिनीवर गोल करून बसे. एकेचाळीस मुलं, पाच शिक्षिका, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि पालकांतून निवडलेले सहा जण, एकूण त्रेपन्न. प्रत्येकाच्या हातात दोन खडे. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. पांढरे मोठ्या बाईंनी नदीकाठी हिंडून वेचून आणलेले, गुळगुळीत, अंड्यासारखे. काळे रस्त्याच्या कामावरच्या खडीतले. सगळ्यांनी डोळे मिटायचे. तोंडावर फडकं बांधलेलं एक मडकं हातोहात फिरे. मांडीवर आलं की डोळे उघडायचे, फडक्याच्या भोकातून एक खडा आत सोडायचा, मडकं पुढे द्यायचं, डोळे मिटायचे. उरलेला खडा जाताना दाराजवळच्या पिशवीत टाकायचा. मडक्यातले खडे मोजत. पिशवीतले कुणी मोजत नसे. मोजणं म्हणजे अविश्वास, असं शाळेचं मत होतं.

आणि मडक्यात एक जरी काळा निघाला, तरी निर्णय नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसायचं. मधे एक आठवडा प्रत्येकाने मनात घोळवायचं. अंगणातल्या झोपाळ्याला कुठला रंग द्यायचा हे ठरायला नऊ शुक्रवार गेले होते. तोवर झोपाळा गंजून तांबडा झाला आणि मग सगळ्यांचे पांढरे पडले.

या व्यवस्थेला एक कलम बटणबाईंनी जोडलं होतं. फार पूर्वी सहलीच्या वेळी एक काळा निघाला आणि सगळ्यांनी मिळून एका तोतऱ्या मुलाला "तूच ना, तूच ना, का पण?" करून इतकं पिडलं, की ते लेकरू दोन तास टेबलाखालून बाहेर आलं नाही. पुढच्या गोलात बटणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "काळा खडा कुणाचा हे कुणी विचारायचं नाही आणि का टाकला तेही नाही. खडा मागे घ्यायचा असेल तर ज्याचा त्याने स्वतः घ्यावा, सगळा गोल बसलेला असताना." त्रेपन्नच्या त्रेपन्न पांढरे पडले, पहिल्याच शुक्रवारी. आयुष्यात बाईंचं कुणी इतकं एकमताने ऐकलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी वहिनींना दोनदा सांगितलं.

मग घराचे म्हातारे मालक वारले. त्यांच्या पुतण्यांना जागा मोकळी हवी होती; वर्ष संपेपर्यंतची मुदत मिळाली. आठ महिने मोठ्या बाई आणि बटणबाई गावभर जागा बघत फिरल्या. एका ठिकाणी उजेड नव्हता, एका ठिकाणी संडास नव्हता, एका ठिकाणी दोन्ही होतं पण खालीच वेल्डिंगचं दुकान. शेवटी सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला निघाला. पाच खोल्या, एक दिवाणखाना, तिन्ही बाजूंनी खिडक्या. वाचनालयाचे सेक्रेटरी पूर्वी पोस्टमास्तर होते, त्यामुळे वेळेच्या बाबतीत त्यांचं माणसाशी कमी आणि घड्याळाशी जास्त जमायचं. "दुसरा अर्ज कराटेवाल्यांचा आहे," ते म्हणाले. "शुक्रवारी पाचला समितीची बैठक. पाचच्या आत तुमचं हो लेखी आलं तर तुम्ही, नाहीतर ते."

आधीच्या शुक्रवारी गोलात सगळ्यांना ही जागा सांगून झाली. तेव्हा बटणबाईंनी आपली सवयीची थट्टा केली. "जागा झकास आहे. फक्त पायऱ्या बत्तीस. माझे गुडघे राजीनामा द्यायच्या बेतात आहेत!" सगळे हसले. दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन आलेला समोरचा दुकानदारही हसला, आणि ते वाक्य त्याने जपून ठेवलं.

तो शुक्रवार उजाडला. अडीच वाजता गोल बसला. बटणबाईंच्या डाव्या हाताला मुंगी बसली होती. सहा वर्षांची, सगळ्यांत शेवटी डबा संपवणारी, सगळ्यांत शेवटी चपला घालणारी, रांगेत चालताना दर चार पावलांवर थांबून जमिनीकडे निरखून पाहणारी, म्हणून मुंगी. मडकं फिरू लागलं. डोळे मिटलेले. पण लहान मुलांच्या शेजारी बसलं की बटणबाई नियम थोडा वाकवत. एकदा एका चिमुरड्याच्या हातून मडकं फुटलं होतं, तेव्हापासून आपल्याआधीच्याची पाळी आली की त्या पापण्या किलकिल्या करत. तशा त्यांनी त्या दिवशीही केल्या. मुंगीची मूठ फडक्याच्या भोकावर होती आणि बोटांच्या फटीत काळं दिसत होतं.

टप्. मग मडकं बाईंच्या मांडीवर आलं. बाईंनी आपला पांढरा सोडला. उजेड तसाच पडला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

मोठ्या बाईंनी खडे चटईवर ओतले. काही म्हणायची गरजच नव्हती. बावन्न अंड्यांत एक कोळसा.

"एक काळा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "निर्णय झालेला नाही. पुढच्या शुक्रवारी बसू."

"पुढच्या शुक्रवारी?" पालकांपैकी दाढीवाले ताडकन उठले. ते वकील होते आणि बसून बोलायची त्यांना सवय नव्हती. "अहो बाई, आज पाच वाजता ती जागा जातेय! पुढच्या शुक्रवारी काय आपण कराटे शिकायला बसायचं? ज्याने कुणी टाकला असेल त्याने सरळ..."

"काका," पलीकडून एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "असं विचारायचं नसतं."

"अगं बाळा, पण..."

"आणि ओरडायचंपण नसतं."

दाढीवाले खाली बसले. कोर्टात त्यांना असं कुणी बसवलं नव्हतं.

बटणबाईंनी हात वर केला. "बाई... समजा खडा चुकून पडला असेल तर?"

मोठ्या बाई वळल्या. त्यांचा आवाज उतरला. "कुणाचा?"

"कुणाचा असं नाही. म्हणजे, समजा."

"चुकून पडला असेल तर ज्याचा त्याने म्हणावं. आत्ता. तुझंच कलम आहे ना ते?"

सगळा गोल बटणबाईंकडे बघत होता. बाई डावीकडे बघायचं टाळत होत्या. मुंगी आपल्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधण्यात गुंग होती. बाईंच्या मनात आलं, आपणच म्हणावं, माझा होता तो, चुकून पडला. संपलं. शाळा वाचली. जीभ उचललीही होती. पण शेजारी बसलेल्या त्या सहा वर्षांच्या जिवाला पक्कं ठाऊक होतं, की तो बाईंचा नाही. ती म्हणणार, "नाही बाई, तो माझा." मग बावन्न जणांच्या नजरा तिच्यावर. शिवाय तेही बाजूला ठेवलं आणि ती गप्प राहिली, तर? तर समोरच्या भिंतीवरचं दुसरं वाक्य बाई किती मानतात, हे त्या पोरीला जन्मभर कळलेलं राहणार. बाईंनी हात खाली घेतला.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

सव्वातीनला गोल सुटला. सगळे पिशवीत उरलेला खडा टाकून बाहेर पडले. बटणबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. मुंगीची आई तिला न्यायला आली होती, खांद्याला मोठी पिशवी. दोघी आजीकडे दोन दिवस जाणार होत्या. मुंगीने हात हलवला. बाईंनीही हलवला. मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मायलेकी दुकानापाशी पोचल्या, शिंप्यापाशी पोचल्या. मुंगी थांबून जमिनीवरचं काहीतरी बघत राहिली तेव्हा बाईंना वाटलं, आता जा गं, आता जा. अखेर दोघी कोपऱ्यावरून वळल्या. तेव्हा बाई माघारी फिरल्या आणि गुडघ्यांना न जुमानता चक्क धावल्या.

मोठ्या बाई ऑफिसात कागद समोर घेऊन बसल्या होत्या. होकाराचं पत्र टाइप करून तयार होतं, फक्त सही नव्हती.

"तो खडा माझा होता," बटणबाई म्हणाल्या. धाप लागली होती. "हातात अदलाबदल झाली. मी मागे घेते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

"लाज वाटली."

"अर्ध्या तासापूर्वी म्हणाली असतीस..." त्या उठल्या. "खडा गोलातच मागे घ्यायचा. सगळा गोल जमवायला हवा. किती वाजले?"

त्यानंतरचा दीड तास त्या शाळेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखा होता, पण लिहिणार कोण आणि कशासाठी! दाढीवाल्यांना वाचनालयात पाठवलं, सेक्रेटरींना गप्पांत गुंतवून ठेवायला. मावशी चप्पल न घालताच मागच्या गल्लीत पळाल्या. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांनी गाड्या काढल्या, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनी फोन धरले. मुलं जशी होती तशी आली. एक पोहायच्या तलावावरून ओल्या केसांनी, एक अर्धा घास तोंडात घेऊन, एक तापाने फणफणलेल्या भावाला बरोबर घेऊन. एकीला तर न्हाव्याच्या खुर्चीतून उचललं होतं. तिचे अर्धे केस लांब आणि अर्धे आखूड. "काय झालंय?" विचारलं तर प्रत्येकाला एकच उत्तर: "बटणबाईंचा खडा चुकलाय." पळापळीत दुकानदारानेही ते ऐकलं आणि जपून ठेवलेल्या बत्तीस पायऱ्यांच्या शेजारी मांडून ठेवलं.

पावणेपाचला मोठ्या बाईंनी डोकी मोजली. वाचनालयातले दाढीवाले फोनवर गोलात हजर आहेत असं सर्वांनी मान्य केलं. त्यांना धरून बावन्न.

"कोण नाही?"

"मुंगी," आठ वर्षांची म्हणाली.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मुंगीच्या आईचा फोन तेव्हा कुठल्याशा बसच्या टपावर, कपड्यांच्या पिशवीत तळाशी वाजत होता. बटणबाई फोनकडे बघत उभ्या होत्या. तो उचलला जावा म्हणून त्यांचा जीव तुटत होता आणि उचलला गेला तर काय, हा विचारही पाठ सोडत नव्हता.

"तोवर मी म्हणून टाकते," त्या म्हणाल्या आणि गोलाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. निळी अक्षरं बरोबर समोर होती. "काळा खडा माझा होता. चुकून पडला. मी मागे घेते."

ओल्या केसांचा मुलगा प्रेमाने म्हणाला, "असू दे बाई. होतं असं." ते ऐकून बाईंना गोल फिरल्यासारखा वाटला.

दाढीवाल्यांचा आवाज फोनमधून येत होता. "अहो, इथे बैठक सुरू होतेय. कराटेवाले आलेत. फार सज्जन माणूस आहे, उठून मला बसायला जागा दिली. बाई, पत्राचं काय? फोटो काढून पाठवलंत तरी हे चालवून घेतायत!"

सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. पत्र त्यांच्या हातात होतं, पेन उघडं होतं.

"एक जण नाही," त्या म्हणाल्या.

"एका मुलीसाठी?" एक आई कळवळून म्हणाली. "ती काय नाही म्हणणार आहे का? सहा वर्षांची पोर! तिचा पांढराच होता, बाई. काळा तर बटणबाईंचा होता ना?"

"एका काळ्या खड्यासाठी आपण सगळे थांबलो," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की गोलाच्या पलीकडच्या बाजूच्यांनी पुढे सरकून ऐकलं. "मग एका माणसासाठी का नाही थांबायचं? लहान आहे म्हणून? तिच्या पाठीमागे ठरवलं, तर आपण ही शाळा तिकडे नेणार नाही, वेगळंच काहीतरी नेऊ."

बटणबाईंना ओरडावंसं वाटलं, करा सही! या गोलाचं मुंगीवाचून काही अडत नाही! पण त्यांच्याच तोंडून ते कसं निघणार? त्या खाली बसल्या. मुंगी असती तर त्यांना खोटं बोलता आलं नसतं. मुंगी नव्हती तर त्या खोट्याचा उपयोग नव्हता. आणि कोपऱ्यावर मुंगी वळण्याची वाट बघत फाटकाशी उभं कोण राहिलं होतं? त्यांनी आणखी एकदा फोन लावला. आणखी एकदा.

पाच वाजले. दाढीवाले म्हणाले, "गेली." एवढंच म्हणाले, वकील असून.

कुणी बटणबाईंना दोष दिला नाही. त्या शाळेत दोष द्यायची पद्धतच नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं. पालक नेहमीपेक्षा गोड बोलू लागले. मुलं बटणं तोडून आणत राहिली, पण स्टुलावर बसून आता आपलं सांगण्याऐवजी "बाई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं," म्हणत. मुंगी सोमवारी परत आली, डबा सर्वांत शेवटी संपवू लागली. शुक्रवारी काय धावपळ झाली ते तिच्या कानावर आलं असणार, पण त्यावरून तिने काय ओळखलं, हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. तिने काही विचारलं नाही. बाईंनीही विचारलं नाही, विचारायचं नव्हतंच. तिला हे जुनं घर सोडायचं नव्हतं, असं बाईंनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं. आणि एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर शाळा बुडाल्याचं ओझं ठेवायचं, त्यापेक्षा आपले गुडघे बदनाम झालेले काय वाईट?

दुसरी जागा मिळाली नाही. वर्ष संपलं. शेवटच्या दिवशी दोघी बाई मिळून दप्तरं अडकवायच्या खुंट्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या काढत होत्या. मोठ्या बाई उंच खुंट्यांवरच्या, बटणबाई खालच्या.

"मी विचारणार नाही," मोठ्या बाई एकदम म्हणाल्या.

"माहीत आहे."

"गुडघ्यांचं मला सांगायला हवं होतंस. आपण तळमजल्यावर एखादी खोली मागितली असती तुझ्यासाठी."

बटणबाईंच्या हातात एक चिठ्ठी अर्धी निघून फाटली. उरलेली त्या नखाने खरवडत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं."

मोठ्या बाई लेकीकडे दूर निघून गेल्या. वर्षातून एकदा त्यांचं पत्र येई, त्यात बाकी सगळं असे आणि शेवटी "गुडघे कसे आहेत?" हा प्रश्न असे. बाई दर वेळी "बरे आहेत" लिहीत. मुलं मोठमोठ्या शाळांत पांगली, तिथे घंटा होत्या.

वहिनींना मात्र काही पटलं नव्हतं. "वन्सं, आपल्याच घराला चाळीस पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही दिवसातून चारदा चढता. मला काय वेडी समजता? कुणाला झाकताय?"

"कुणाला नाही हो. चहा करता का?"

"करते. पण एक दिवस मी त्या दुकानदाराला जाऊन चांगली..."

"वहिनी." बाईंनी त्यांचा हात धरला. असं त्या कधी करत नसत. "कुणाला काही म्हणू नका. माझ्यासाठी."

वहिनींनी उशीचा अभ्रा आणून बाईंच्या मांडीवर टाकला. बाईंनी त्याला बटण लावलं. पाच मिनिटांचं काम, पाचच मिनिटांत.

दोन वर्षांनी दुकानात मुंगी भेटली, आईबरोबर. उंच झाली होती, नव्या शाळेचा टाय गळ्यात. "बाई!" म्हणून ती पुढे झाली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आईने तिचा दंड धरला. "चल, उशीर होतोय," ती म्हणाली आणि बटणबाईंकडे नुसतं ओठांनी हसली. दुकानदाराने वही गुंडाळली. दोघी पायऱ्या उतरून गेल्यावर त्याने आवाज खाली केला, आणि मग समोर कोण उभं आहे ते लक्षात येऊन खोकला.

काळा खडा बटणबाईंचा नव्हता, मुंगीचा होता. मुंगीला नवी जागा नको होती असंही नाही. खिडक्या खूप आहेत म्हणून ती तिला आवडलीच होती. त्या दिवशी हातात आलेला पांढरा खडा तिला फार आवडला. तो तिने खिशात ठेवला, आणि मडक्यात काहीतरी टाकायचं असतं म्हणून दुसरा टाकला.